घटापुढची चावी

या, बसा. त्या खुर्चीवर नका बसू, तिचा एक पाय मोडका हाये. इकडं खाटल्यावर या. तुमाले बुलढाण्यातल्या एका भोंग्याची गोष्ट सांगतो. आगीची हाये थोडी, पण घाबरू नका, कोणी मरत नाही हिच्यात. एक दात तेवढा जाते, आन तो बी जायचाच होता.

त बुलढाण्यात चिखली रोडच्या अंगाले हिंमतरावची बिल्डिंग हाये. हिंमतराव मूळचे अमडापूरचे, वावर तथी, राहणं बी तथीच. बिल्डिंग सांभाळाले त्यायनं माणूस ठेवला तो बी गावचाच, निवृत्ती. खालतं गुलाबरावचं झेरॉक्सचं दुकान, मधल्या मजल्यावर शेखर डॉक्टरचा दातायचा दवाखाना, वरतं टायपिंगचा क्लास. आन जिन्याखाली एक खोली, तिच्यात निवृत्ती आन त्याची बायको पुष्पाबाई.

खोली कायची, जिन्याच्या पोटात कोंबलेलं गाठोडं. एका कोपऱ्यात माणूस ताठ उभा राह्यते, दुसऱ्या कोपऱ्यात देवाले नाही त कोणाले तरी नमस्कार केल्यासारखं वाकाच लागते. पण पुष्पाबाईले ते राजवाड्याच्या वर होती. काऊन की लग्न झालं तवापासून तिनं अमडापुरात जावेच्या हाताखाली दिवस काढले. जाऊ अशी, का मिठाचा डब्बा सुद्धा कुलपात ठेवे. वरणात मीठ कमी पडलं त पुष्पाबाईनं जावेपाशी जाऊन मागाव आन जावेनं चिमटीनं मोजून द्याव. इथी चूल तिची, मीठ तिचं, डब्बा बिनझाकणाचा उघडा. आन औंदा नवरात्रात पहिल्यांदा घट बी सोताच्या घरात बसवला होता.

आता भोंग्याचं ऐका. बिल्डिंगमधी आगीचा पॅनल बसवला, कायदा हाये म्हणे. जिन्यापाशी भितीवर लाल पत्र्याचा डब्बा, त्याच्यावर बारक्या दिव्यायची रांग, दिव्यायखाली बटनं, आन बाजूले एक चावीचं भोक. दुकानात, दवाखान्यात, क्लासात, निवृत्तीच्या खोलीत सुद्धा, छताले उपड्या वाट्या लावल्या. वाटीले धूर लागला का डब्ब्यातला त्या जाग्याचा दिवा लाल होते आन भोंगा सुरू. बसवणारा माणूस निवृत्तीले सगळं समजून सांगून गेला, पण भराभर आन हिंदीत. निवृत्तीनं मुंडी हालवली. त्यातलं ध्यानात काय राह्यलं, त इतकंच का चावी फिरवल्याबिगर बटन चालत नाही. चावी फिरवाची, बटन दाबाचं, भोंगा गपगार. चावी नसली त बटनं म्हणजे नुसते भितीतले खिळे.

भोंगा होता मोठा हळव्या मनाचा. वाटीत पाल शिरली, वाजला. जिना झाडला, धूळ उडाली, वाजला. पुष्पाबाईनं मिरचीची फोडणी दिली, असा वाजला का वरतं डॉक्टरच्या हातातलं मशीन पेशंटच्या गालाले लागलं. डॉक्टरनं हिंमतरावले फोन केला. हिंमतराव अमडापुरावून गाडी घेऊन आले आन निवृत्तीले डब्ब्यापुढं उभं केलं.

"हे पाह्य निवृत्ती, मले आग लागली त चालन, पण तक्रार नाही पायजे. भोंगा वाजला का आधी चावी, मंग बटन, मंग पाह्य काय झालं ते."

"हाव मालक."

"चावी कुठी ठेवतं?"

निवृत्तीनं सदरा वर करून दाखवला. कमरेच्या करदोड्याले दोन चाव्या बांधेल होत्या. एक भोंग्याची आन एक घरच्या पत्र्याच्या पेटीची. दोन्ही बारक्याच, जुळ्या पोरायवानी.

"हां. हे करदोडा तुटला तरी चालन, चावी सुटली नाही पायजे. दुसरी चावी माया घरी कपाटात हाये, पण ते तुयासाठी नाही."

तवापासून निवृत्तीचा हात असा बसला, का भोंग्यानं पहिला सूर काढला का त्यानं चावी फिरवेल राहे. आधी चावी, मंग बटन. तिसरं काम, पाह्याचं, ते काही कधी झालं नाही. भोंगा गप झाला म्हणजे आग बी गप झाली, असा हिशेब.

पण नवरात्र बसाच्या आधी एक दिवस निवृत्ती गच्चीवर टाकी धूत होता आन खालतं भोंगा वाजला. तो उतरून येईपर्यंत डॉक्टरच्या दोन पेशंटनं चपला घातल्या आन घर गाठलं. संध्याकाळी हिंमतरावचा फोन.

"डॉक्टर म्हणते मी दुसरीकडं जागा पाह्यतो. तो गेला त मधला मजला खाली पडन. आन मधला मजला खाली पडला त जिन्याखालची खोली बी खाली होईन, समजलं का? अखीन एकडाव तो भोंगा वाजत राह्यला ना, त दसऱ्याचं सोनं तू अमडापुरातच वाटशीन."

निवृत्तीनं फोन ठेवला. पुष्पाबाई शेजारीच उभी होती, तिले सगळं ऐकू आलं होतं. तिनं मिठाच्या डब्ब्याकडं पाह्यलं आन पदर खोचून भांडे घासाले बसली.

मंग आली नवमी.

आपल्याकडं नवमीले अवजाराची पूजा करते, हे तुमाले मी काय सांगाव. ज्याच्यावर पोट चालते ते धुवून पुसून घटापुढं ठेवाचं, हळदकुंकू लावाचं, आन त्या दिवशी त्याले काम सांगाचं नाही. विळा असो, करवत असो, तिले बी एक दिवस आराम. दुसऱ्या दिवशी दसऱ्याले घट हालवला, का मंगच उचलाचं. मधी हात लावला त देवीले राग येते. अमडापुरात निवृत्ती विळा ठेवे, कुदळ ठेवे. आता इथी काय ठेवाचं?

"काठी ठेवतो," तो म्हणे.

"काठीनं कधी कोणाले मारलं तुमी?" पुष्पाबाई म्हणे. "कुत्रं सुद्धा भीत नाही तुमच्या काठीले. आपलं पोट कायच्यावर चालते?"

"कायच्यावर?"

"चावीवर. काढा ते कमरेची चावी."

निवृत्तीची आंघोळ नुकतीच झाली होती, अंग ओलं, करदोडा ओला, गाठ ओली. कशीबशी त्यानं एक चावी सोडली आन दिली. पुष्पाबाईनं ते घटापुढं ठेवली आन असं हळदकुंकू लावलं, असं लावलं, का चावी हाये का गाजर हाये ते ओळखू येईना.

"आता त्या डब्ब्याले बी लावा," ती म्हणे. "चावीची पूजा आन डब्बा उघडा, असं बरं दिसते का?"

मंग निवृत्तीनं तेलात कुंकू कालवलं आन डब्ब्यापाशी गेला. झेंडूचा हार घातला. डब्ब्याच्या कपाळाले टिळा लावला. मंग त्याच्या मनात आलं, हे बारके दिवे बिचारे रोज उभेच राह्यते, यायनं काय घोडं मारलं. एका दिव्याले टिकली लावली. मंग बाजूच्याले नाही लावली त ते बरं नाही वाटलं. करता करता रांगेतल्या सगळ्या दिव्यायले एकेक टिकली लागली. शेवटी भितीवरचं आग विझवाचं लाल नळकांडं होतं, त्याच्यावर सातिया, म्हणजे स्वस्तिक, काढला आन त्याच्या मुठीले लाल नाडा गुंडाळून पुष्पाबाईनं सोताच्या हातानं गाठ मारली. पुष्पाबाईची गाठ म्हणजे बैल जरी बांधला तरी सुटणार नाही.

"झालं," निवृत्ती म्हणे. "आता देवीमाय, आजचा दिवस याले गप ठेव."

देवीमायनं काय ऐकलं ते तिलेच माहीत. दुपारी नैवेद्य दाखवून पुष्पाबाईनं घटापुढं ऊद टाकला, आन तिकडं भोंगा सुरू झाला.

निवृत्ती ताटावर बसला होता. घास तोंडात तसाच ठेवून तो उठला, डब्ब्यापुढं आला, हात आपोआप कमरेले गेला. चावी हाताले लागली. जीव भांड्यात पडला त्याचा. मंग आठवलं, का हे त पेटीची. भोंग्याची चावी घटापुढं बसली हाये, हळद लावलेल्या नवरीवानी.

बरं, निदान कोणता दिवा लागला ते त पाहू, म्हणून त्यानं मान वर केली. सगळेच लाल. सगळ्यायले टिकल्या. त्यानं अंगठ्यानं एक टिकली पुसली. तेलातलं कुंकू ते, पुसलं त पसरलं. दुसरी पुसली, तिसरी पुसली. आता दिव्यायची रांगच दिसेना, एक लाल पट्टा दिसून राह्यला.

"पुष्पा," तो खोलीत पळत आला, "चावी दे वं."

"घट हालला का?"

"घट नाही हालला, बिल्डिंग हालून राह्यली. दे."

"नाही."

"अवं, तुयाच उदानं वाजून राह्यला तो."

"माया उदानं वाजते त मी ऊद विझवतो." तिनं उदावर तांब्या उपडा घातला. धूर बंद. भोंगा चालू. "पाह्यलं? मायाच्यानं नव्हता."

"अवं, मालकानं काय सांगितलं? वाजत राह्यला त अमडापूर."

तवा कुठी पुष्पाबाईचं तोंड उतरलं. ती घटाकडं पाहे, चावीकडं पाहे, मिठाच्या डब्ब्याकडं पाहे. हात पुढं नेला, मंग मांग घेतला.

"पहिला घट हाये माया घरचा," ती म्हणे. "मालकाच्या पाया पडता येईन. देवीच्या डोळ्यात धूळ कशी टाकाव? तुमीच पाह्यजा काहीतरी."

तवरोक जिन्यावून टायपिंगच्या पोरी खाली आल्या, कानात बोटं घालून. त्यायच्या मांग शेखर डॉक्टर, हातात रबराचे मोजे. डॉक्टरच्या मांग एक म्हातारी, सुलतानपूरची भिमाबाई. तिची दाढ नव्हे, समोरचा दात काढाचा होता. डॉक्टरनं इंजेक्शन दिलं होतं, दात हालवून अर्धा मोकळा केला होता आन तेवढ्यात भोंगा. तोंडात कापूस कोंबलेला, जीभ बधिर, बाई बोलू शकत नव्हती.

"निवृत्तीभाऊ," डॉक्टर म्हणे, "आज बी?"

"साहेब, आता बंद होते. तुमी जरा रस्त्यावर उभे राहा."

"चावी फिरवा ना मग."

"चावी पूजेत हाये."

डॉक्टर शिकलेला माणूस, पण इथलाच. "मग राहू द्या," इतकंच म्हणे आन मोजे काढत रस्त्यावर गेला. समदे रस्त्याच्या पलीकडं चहाच्या टपरीपाशी जमले. तथी गुलाबराव आधीच चहा पीत बसला होता. त्यानं सकाळी झेरॉक्सच्या मशीनची पूजा केली, मशीनले आज काम नाही, म्हणून शटर ओढून टपरीवर येऊन बसला. सगळ्यात जास्त हसून राह्यला होता तोच.

"काय बे निवृत्ती, आज त तुया डब्ब्याले आराम पायजे होता. हा त गाणं म्हणून राह्यला. आरती समजून टाळ्या वाजवू का?"

"गुलाबराव, चूप बसा न."

"मी चूपच हाये. तुया भोंग्याले सांग."

निवृत्तीले एक युक्ती सुचली. डब्ब्याची लाइटच बंद करतो म्हणे, वाजते कसा ते पाहू. त्यानं भितीवरचं डब्ब्याचं बटन खाली ओढलं. भोंगा चालूच. त्याच्या पोटात बॅटरी होती, लाइट गेली तरी वाजाव म्हणून. वरतून डब्ब्यानं आता बारीक आवाजात टिक टिक बी सुरू केली, लाइट काऊन काढली म्हणून कुरकुर केल्यावानी. म्हणजे पहिले एक बोंबलत होता, आता दोन.

मंग निवृत्तीनं छातीवर दगड ठेवला आन हिंमतरावले फोन लावला. बोलाची गरजच पडली नाही, भोंगा अमडापुरात थेट ऐकू गेला.

"काय होय ते?" हिंमतराव म्हणे.

"मालक, चावी पूजेत ठेवली. पुष्पा उचलू देत नाही."

"चावी कोणी पूजेत ठेवते का बे? अक्कल हाये का गहाण टाकली? बायकोच्या म्हणण्यावर बिल्डिंग चालवतं का तू? थांब, मी मायी चावी घेऊन येतो. आन येतो त तुयं सामान बी गाडीत टाकतो."

फोन चालूच राह्यला. कपाट उघडल्याचा आवाज आला. मंग हिंमतरावचा आवाज, जरा दुरून, "अवं गीता, इथली लाल दोरीची चावी कुठी गेली?"

गीताबाई म्हणजे त्यायची बायको. तिचा आवाज आला, "बिल्डिंगची? ते त म्या सकाळीच घटापुढं ठेवली. बिल्डिंग म्हणजे लक्ष्मी, तिची पूजा नको का?"

"उचल मंग ते. मले न्याची हाये."

"तुमीच उचला. आन उचलल्यावर मले सांगून ठेवा, औंदा सोयाबीन गेलं त कोणाच्या नावानं रडाचं ते."

बराच वेळ इकडून भोंगा तेवढा जात राह्यला.

"निवृत्ती," हिंमतराव शेवटी म्हणे, आवाज जरा खालचा, "मी येतो."

"चावी मालक?"

"येतो म्हटलं ना." आन फोन ठेवला.

निवृत्ती रस्त्यावर येऊन उभा राह्यला. मनातल्या मनात सामान बांधून राह्यला होता. पेटी डोक्यावर, मिठाचा डब्बा हातात, घट कसा न्यावा. तेवढ्यात भिमाबाई त्याच्यापुढं आली आन हात हालवाले लागली. बिल्डिंगकडं बोट दाखवे, तोंडाकडं दाखवे, पुन्हा बिल्डिंगकडं.

"दुखून राह्यलं बिचारीले," टपरीवाला म्हणे.

"वरतं जाऊन दात काढा म्हणते," गुलाबराव म्हणे. "बाई, जरा थांबा, याची आरती सरू द्या."

"दुखणार नाही, इंजेक्शन आहे," डॉक्टर म्हणे. "घाबरल्या असतील. बसा बाई."

बाई बसली नाही. तिनं डॉक्टरले एक डोळा दाखवला, गुलाबरावले दोन दाखवले, आन निवृत्तीची बाही धरून त्याले रस्ता ओलांडून ओढत नेलं. सत्तरीची बाई, पण आयुष्यभर वावरातून म्हशी हाकलेली. गुलाबरावच्या शटरपुढं त्याले उभं केलं आन त्याची मुंडी धरून खालतं वाकवली.

शटरच्या खालच्या फटीतून धूर येऊन राह्यला होता. बारीक, करडा, उदबत्तीवानी. नवमीचा दिवस, घरोघरी धूप, म्हणून वास कोणाच्या ध्यानातच आला नव्हता.

"गुलाबराव," निवृत्ती म्हणे. "तुमची आरती तुमच्याच दुकानात चालू हाये."

गुलाबरावच्या हातातला चहा तथीच राह्यला. तो पळत आला, शटर वर ओढलं. मशीनपुढं दिवा लावून ठेवेल होता, वरतं प्लास्टिकचं तोरण. तोरणाची एक बाजू सुटून दिव्यावर पडली होती, आन बाजूले कोऱ्या कागदायचे गठ्ठे धुमसून राह्यले होते. शटर उघडलं, हवा लागली, आन त्या गठ्ठ्यायनं जाळ धरला.

"पाणी आणा," कोणीतरी म्हणे.

"मशीनची लाइट चालू हाये, पाणी नका टाकू," डॉक्टर म्हणे, आन अग्निशमनले फोन लावाले बाजूले सरकला. "ते लाल सिलिंडर आणा."

निवृत्ती पळाला. भितीवरच्या नळकांड्याले हात घातला आन थांबला. त्याच्यावर सातिया. त्याच्यावर नाडा. हे बी पूजेतलंच. त्यानं मांग पाह्यलं, पुष्पाबाई दारातच उभी.

"पुष्पा, हे बी..."

पुष्पाबाईनं त्याले कोपरानं बाजूले सारलं आन नळकांडं खुंटीवून उचलून कमरेवर घेतलं, लेकरू घेतल्यावानी.

"चावी तुमी बोंब दाबाले मागत होते," ती म्हणे. "हे आग विझवाले हाये. देवीले तेवढं समजते. चला."

दुकानापुढं आली, पण मुठीवरची गाठ सुटेना. गाठ तिचीच. नखं लावली, ओढून पाह्यलं, निवृत्तीनं ओढून पाह्यलं. गाठ अखीनच बसली. आत कागद फुलून राह्यले. तवा भिमाबाईनं तोंडातला कापूस थुकला, खालतं वाकली, गाठ दातात धरली आन मान असा हिसडा देऊन मांग घेतली, का नाडा सुटला. नाड्यासंग दात बी आला.

बाईले काही कळलं नाही, इंजेक्शन होतं. डॉक्टरनं नाड्यात लटकलेला दात उचलून उजेडात धरला, फिरवून पाह्यला.

"मुळासकट आला," तो म्हणे. "आता बसा बाई, झालं तुमचं काम."

इकडं निवृत्तीनं मूठ दाबली. नळकांड्यातून पांढरी भुकटी अशी सुटली का आग त गेलीच, गुलाबराव बी गेला. म्हणजे दिसेनासा झाला. मंग हळूहळू त्याचे डोळे दिसाले लागले. दुकान पिठाच्या गिरणीवानी, आन मधी तो, कणीक मळाले ठेवल्यावानी. मशीन वाचलं होतं. चार गठ्ठे आन तोरण तेवढं गेलं. पाच मिनिटं उशीर झाला असता, त भितीतून जाळ जिन्याले लागता, आन जिन्याखाली काय होतं ते तुमाले माहीतच हाये.

गुलाबराव बसला तो बसलाच. निवृत्तीनं त्याले पाणी देलं. पाणी पेला, तोंडावून एक पांढरा ओघळ खाली आला.

"निवृत्तीभाऊ," तो म्हणे. पहिल्यांदाच भाऊ म्हटलं त्यानं. "मी हसत होतो रे."

"हसा न आता. आता हसाले काय हरकत हाये."

अग्निशमनची गाडी आली. त्यायनं गठ्ठे बाहीर ओढले, पाणी मारून गार केले, सगळं चाचपून पाह्यलं. मंग त्यायच्यातला मोठा माणूस जिन्यापाशी आला. भोंगा अजून वाजतच होता.

"हा भोंगा बंद कोणी केला नाही?" त्यानं इचारलं.

निवृत्ती मनातल्या मनात, सापडलो म्हणे. "म्या, साहेब. मायाच्यानं झालं..."

"शाबास," तो माणूस म्हणे. "आमी जातो तथी लोक आधी भोंगा दाबून ठेवते, मंग आग शोधते. तुमी वाजू देला म्हणून समदे बाहीर आले, आन वेळेवर सापडलं. नाही त बंद शटरमागचं कोणाले दिसते?"

नेमकी त्याच वेळेले हिंमतरावची गाडी येऊन थांबली. दार उघडून ते उतरले, तोंडात शिव्या तयार, निवृत्तीचं नाव जिभेच्या टोकाले. पाह्यते त काय, अग्निशमनचा माणूस निवृत्तीच्या खांद्यावर हात ठेवून उभा, डॉक्टर मान हालवते, पोरी टाळ्या वाजवते, गुलाबराव भुतावानी पांढरा. कोणीतरी त्यायले झालेलं सांगितलं. शिव्या गिळाले हिंमतरावले जरा वेळ लागला.

"मीच सांगून ठेवलं होतं त्याले," मंग ते त्या माणसाले म्हणे. "निवृत्ती, म्हटलं, भोंगा वाजला का आधी पाह्याचं, मंगच चावी. काय निवृत्ती?"

"हाव मालक."

"तक्रार आली त चालन म्हटलं, पण आग नाही पायजे."

"हाव मालक. असंच म्हणाले तुमी."

"मी काही जागा बदलत नाही," डॉक्टर म्हणे. "असा भोंगा आन अशी माणसं दुसऱ्या बिल्डिंगमधी कुठं मिळतील?"

हिंमतरावनं जिन्याखाली वाकून खोलीत पाह्यलं. घटाले लांबूनच नमस्कार केला. घटापुढच्या चावीकडं पाह्यलं. "दिवाळीच्या आधी इथी चुना मारून देतो," म्हणे. पुष्पाबाईनं पदराआड तोंड घेतलं आन डोळे पुसले, आन डोळे पुसल्यावर पहिलं काम काय केलं, त निवृत्तीच्या अर्ध्या राह्यलेल्या ताटात पुन्हा गरम वरण वाढलं. भोंग्याच्या बॅटरीचा दम संपत आला होता. घसा बसलेल्या कोंबड्यावानी दोनचारदा कण्हला आन निवृत्ती जेवताजेवताच तो गप झाला. त्या दिवशी निवृत्ती किती जेवला, ते पुष्पाबाई अजून सांगते.

आता गोष्ट इथी संपाले पायजे होती. पण दुसऱ्या दिवशी दसरा.

सकाळी पुष्पाबाईनं घट हालवला. चावी धुतली, पुसली, निवृत्तीच्या हातात देली. मंग सोनं द्याले जायचं म्हणून तिले पेटीतलं लुगडं पायजे होतं.

"पेटीची चावी द्या."

निवृत्तीनं करदोड्याची चावी सोडून देली. तिनं कुलपात घातली. जाईना. उलटी करून घातली, तेल टाकलं, फुंकर मारली. नाही. निवृत्तीनं घालून पाह्यली. नाही. मंग उगंच, काहीच सुचेना म्हणून, त्यानं पूजेतली चावी घातली.

कुलूप टक्कन उघडलं.

मंग निवृत्ती उठला, हळूहळू डब्ब्यापाशी गेला, कमरेची चावी भोकात घातली. फिरली. लोण्यात फिराव तशी. त्या ओल्या गाठीत त्यानं पेटीची चावी सोडून घटापुढं ठेवली होती, आन भोंग्याची, समदा दिवस, मालकाले फोन केला तवा, आग विझवली तवा, शाबासकी घेतली तवा, त्याच्याच कमरेले होती.

तो खोलीत आला. "पुष्पा," म्हणे, "देवीच्या घटापुढं पेटीची चावी होती वं. भोंग्याची मायापाशीच होती."

पुष्पाबाईनं इचार केला. मंग तिले असं हसू फुटलं का लुगड्याची घडी हातातून पडली.

"मंग चावी नाही," ती म्हणे, "तुमची अक्कल ठेवून घेतली होती देवीनं घटापुढं. आता घट हालला. घ्या वापस."

त बाप्पा, अशी गोष्ट हाये. तवापासून भोंगा वाजला का निवृत्ती सगळ्यात आधी वरखाली धावून पाह्यते, आन चावी मंग काढते. डब्ब्याले हार अजून घालते, पण दिव्यायले कुंकू लावत नाही. तुमी बुलढाण्याले जाऊन राह्यले, तथी हिंमतराव भाडं घ्याले येत राह्यते, भेटतीनच. भेटले का ते सांगतीन, का मीच त्याले शिकवलं होतं, आधी आग, मंग चावी. ऐकून घ्या. चहा पाजतीन, तो पेजा. पण ते चावी निवृत्तीच्या कमरेलेच होती, हे तेवढं त्यायच्यापुढं काढू नका. जिन्याखाली पुष्पाबाईचा मिठाचा डब्बा अजून उघडाच हाये. तो उघडाच राहू द्या.